बांगड्यांवरची पट्टी

सुइणींच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी नीळ काढायची. कपड्यांना घालतात तीच साधी नीळ. चमचाभर तेलात कालवून प्रत्येकीच्या हातांना कोपरापर्यंत चोळायची, डोळ्यांवर पदर बांधायचा आणि म्हणायचं, आता धुवा, हात स्वच्छ झालेसे वाटले की सांगा. बायका दोन-तीन तांबे पाणी घेत, हात झटकत आणि "झालं बाई" म्हणत. मग पदर सोडायचा. नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, तळव्याच्या रेषांत निळं राहिलेलं दिसायचं. जंतू काही दिसत नाहीत, नीळ दिसते. मला त्या युक्तीचा फार अभिमान होता.

सन एकोणीसशे चौतीस. मी तेव्हा अमरावतीला बायकांच्या एका दवाखान्यात नर्स होते. वऱ्हाडात बाळंतपणं घरीच व्हायची, आणि बाळंतिणी तापानं मरायच्या त्याही घरीच. गावोगावच्या सुइणींना शिकवावं असं सरकारच्या मनात आलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठवड्यातून दोन दिवस मोटारीनं चांदूर बाजारला जायचं, शाळेच्या ओट्यावर आसपासच्या गावांतल्या अकरा सुइणींना बसवायचं आणि हात धुवायला शिकवायचं. हसू नका. त्या तापावर तेव्हा औषध नव्हतं. एकदा तो आला की आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही नुसत्या उशाशी बसून राहायच्या. तो येऊ द्यायचा नाही, एवढंच हातात होतं, आणि तेही सुइणीच्या हातात.

अकरा जणींत जयवंता लगेच डोळ्यांत भरायची. हाडापेरानं थोराड, आवाज असा की ओट्यावर बोलली तर रस्त्यावरचा माणूस मागे वळून पाही. नवरा सहदेव माळी. त्यांचा वांगी-मिरच्यांचा आणि झेंडूचा मळा होता. गाव चांदूर बाजारपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

बाकीच्या सुइणी पाटलानं पाठवलं म्हणून आल्या होत्या. जयवंता आपणहून आली होती.

"माही थोरली लेक पयल्या बाळतपनात तापानं गेली बाई," तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. "हात माहेच होते. आता धाकटी शकुन हाय. तिले अकोल्याकडं देलं. तिचं पयलं बाळतपन माह्याच घरी होईन. तिले मी जाऊ देनार नाई. काय शिकवाचं ते शिकवा, मी शिकतो."

आणि ती शिकली. तिसऱ्या दिवशी डोळे बांधून तिनं हात धुतले तेव्हा नखांत, बेचक्यात कुठंही नीळ नव्हती. मी तिचे हात वर करून बाकीच्यांना दाखवले. तेवढ्यात बांगड्या खाली घसरल्या आणि त्यांच्या खालून मनगटाभोवती निळं कडं दिसलं.

मग मी सगळ्यांचे हात पाहिले. नऊ जणींच्या मनगटांना तेच कडं. उरलेल्या दोघींना नव्हतं. त्या दोघी विधवा होत्या.

"बांगड्या काढून हात धुवायचे," मी म्हटलं. "यापुढे बाळंतपणाला जाताना बांगड्या नकोत."

एक म्हातारी उठून पिशवी आवरायला लागली. मग जयवंता बोलली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता हेच मला जास्त लागलं.

"तुमचं बरं हाय बाई. तुमाले काढा लागत नाई."

माझे हात उघडे होते. चौदाव्या वर्षापासून उघडे होते. माझ्या बांगड्या मी काढल्या नव्हत्या. दोघींनी हात धरले होते आणि तिसरीनं वरवंटा घेतला होता. ज्याच्यासाठी हे झालं त्याचा चेहरा मला आता आठवत नाही, पण काच पाट्यावर पडल्याचा आवाज आठवतो. पुढे माझ्या वडिलांनी हट्टानं नर्सिंगला पाठवलं, मी चार माणसांत उभी राहिले, मोठमोठ्यांना रागावू लागले, तरी त्या बायकांपुढे मी पुन्हा चौदा वर्षांची झाले. ह्या विधवा बाईला आपल्याही बांगड्या फोडायच्या आहेत, असं त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. ते मला सोसलं नाही.

मी माझ्या पांढऱ्या लुगड्याचा काळा काठ दातांनी धरून फाडला. बोटभर रुंदीची लांब पट्टी निघाली. जयवंताच्या बांगड्या मी कोपराकडे सारल्या, जातील तेवढ्या, आणि त्यांच्यावर पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"हे चालेल?"

"हे चालते," जयवंता म्हणाली, आणि हसली. सगळ्याच हसल्या. म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी मी नऊ जणींसाठी काठ फाडला आणि गुडघ्यापर्यंत उसवलेलं लुगडं नेसून अमरावतीला परत आले. मोटारीत मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. बायकांनी जाताना मला झेंडूची फुलं दिली होती. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून माया हवी होती, आणि ती मला पट्टीनं मिळाली.

डॉक्टरीणबाईंनाही युक्ती आवडली. सुइणींसाठी जे पत्रक छापलं त्यात त्यांनी ती घातली: बांगड्या वर सारून त्यांवर कापडाची पट्टी बांधावी. पत्रक अकोल्यापर्यंत गेलं.

प्रत्येक सुइणीला आम्ही पत्र्याची पेटी दिली होती. कात्री, दोरा, नखांचा ब्रश, कार्बॉलिकचा साबण, औषधाची बाटली. पेटीतली कात्री, दोरा आणि ब्रश दर बाळंतपणाआधी उकळायचे, हा नियम. ताप आलेल्या बाळंतिणीला हात लागला तर पंधरा दिवस दुसरीकडे जायचं नाही, हाही नियम. पेटीच्या झाकणाला आतून मी यादी चिकटवली होती. पट्टी त्या यादीत नव्हती. ती पेटीत ठेवायची वस्तूच नव्हती. सुइणी ती कमरेला खोचून ठेवत, नाहीतर मनगटालाच राहू देत.

पावसाळा बरा गेला. माझ्या अकरा जणींनी चाळीसच्या वर बाळंतपणं केली आणि एकही बाई गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी नागपूरला तसं लिहून कळवलं. मी तेव्हा जमिनीवर नव्हते.

दिवाळीनंतर जयवंताच्या गावच्या खुशालराव पाटलांच्या सुनेला ताप आला. मोकळी होऊन तिसरा दिवस होता. हुडहुडी भरली, पोट फुगलं, सातव्या दिवशी ती गेली. बाळंतपण जयवंतानं केलं होतं.

मी गेले तेव्हा जयवंता पेटी उघडून दारात बसली होती. कात्री लखलखीत, ब्रश पांढरा, साबण अर्धा झिजलेला. नखं मुळापर्यंत काढलेली.

"काय चुकलं बाई?" तिनं विचारलं. "सांगा. काय चुकलं असन ते सांगा."

"शेणाचा हात लागला असेल."

"नाई."

"घरच्यांनी राख लावली असेल नाळेला."

"मी लावू देईन? मी?"

मी नियमाप्रमाणे पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. ती बसली. पेटी तिनं तीनदा उकळली. सोळाव्या दिवशी शेजारच्या गावात एक बाळंतपण केलं आणि पाचव्या दिवशी ती बाई तापली. ती वाचली, पण अशी झाली की तिला तिचं मूल ओळखू येईना.

मी पुन्हा गेले, आणि ह्या वेळी मी वाईट वागले. तू काहीतरी लपवतेस, म्हटलं. जुनं काहीतरी करतेस आणि मला सांगत नाहीस. तोपर्यंत मी तिला नेहमी जयवंताबाई म्हणत आले होते. त्या दिवशी मी तिला अगंतुगं केलं. सहदेव ओसरीवर बसून झेंडू निवडत होता. त्याला दोन महिने खोकला होता, छातीत भाता चालावा तशी घरघर ऐकू यायची. तो मान खाली घालून फुलं निवडत राहिला. जयवंता जराही चिडली नाही.

"शकुनची शपथ बाई," ती म्हणाली. "तुमी शिकवलं त्याच्याबाहेर मी काईच करत नाई."

ते अगदी खरं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

संक्रांत झाली. शकुन माहेरी आली. संक्रांतीला कासार गावात आला आणि मायलेकींनी हिरव्या बांगड्या भरल्या. सहदेवच्या खोकल्यामुळे जयवंतानं ह्या वेळी हातभर भरून घेतल्या होत्या.

जयवंताच्या हातची तिसरी बाई त्याच आठवड्यात तापली. ह्या खेपेला घरच्यांनी जयवंताला न बोलावता तिला बैलगाडीत घालून अमरावतीला आमच्या दवाखान्यात आणलं. दोन दिवस मीच तिच्यापाशी होते. सकाळी साताला ती गेली. मी तिला पुसलं, लुगडं बदललं, हात-पाय सरळ केले. मग बाहेर तिची आई बसली होती तिला सांगायला गेले.

म्हातारीला आधीच कळलं होतं. तिनं रडता रडता कनवटीचं काहीतरी सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे जयवंताबाईचं हाय. आमच्या घरी राह्यलं. याच्याबिगर ते कोनाचंच बाळतपन करत नाई. तिले द्या."

माझ्या लुगड्याचा काठ होता. काठाला लागून आलेला पांढरा भाग कुठंच दिसत नव्हता. रक्त, तेल, घाम सुकून सुकून ते कापड वाळल्या कातड्यासारखं कडक झालं होतं, आणि गाठीपाशी त्याला वास येत होता. गेले दोन दिवस ज्या वासात मी बसले होते तोच वास.

मी ती गाठ सोडून पाहिली. शाळेचा ओटा, जयवंताचे वर धरलेले हात, मनगटाभोवतीचं निळं कडं. नीळ मला खरं सांगत होती आणि मी तिच्यावर कापड गुंडाळलं होतं. कात्री उकळत होती, ब्रश उकळत होता, आणि पट्टी एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जात होती. पट्टीखाली तर बांगड्यांत आणि मनगटावर पाणीही जात नव्हतं. त्या तीन बायकांना ताप जयवंतानं दिला नव्हता.

आणि शकुनचे दिवस भरत आले होते.

शकुनला उचलून अमरावतीला आणायची, असं मी ठरवलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, हात तीनदा धुतले, कपडे बदलले आणि नऊच्या मोटारीत बसले. चांदूर बाजारला बैलगाडी मिळायला वेळ गेला. वाटेत तुरीच्या शेतांत माणसं होती, ओरडून विचारत होती, कोनाकडं जाऊन राह्यल्या बाई? मी फक्त पुढे बोट दाखवत राहिले. दोन कोस मला जन्मभरासारखे वाटले.

पोचले तेव्हा दुपार झाली होती. सहदेव ओसरीवर उभा होता, बसलेला नव्हता, त्यावरूनच मी समजले.

"सकाळपासून कळा येऊन राह्यल्या," तो म्हणाला. "बरं झालं तुमी आल्या."

आतल्या खोलीत शकुन भिंतीला टेकून दात-ओठ खात होती. मागच्या पडवीत जयवंतानं चुलीवर भगुनं ठेवलं होतं, त्यात कात्री खळखळत होती. हात कोपरापर्यंत लाल होतील असे घासलेले. बांगड्या वर सारलेल्या, त्यांच्यावर नवी पट्टी. स्वतःचं लुगडं फाडून केलेली.

"माही पट्टी हरवली," ती म्हणाली. "पर हे नवी कोरी हाय. उकळून घेतली बाई, तुमी न सांगता."

मी तिची जुनी पट्टी तिच्यापुढे धरली. उंबऱ्याच्या बाहेरूनच धरली. आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पट्टी माझी, चूक माझी, आणि नवी पट्टी कितीही उकळली तरी खालच्या बांगड्या त्याच आहेत, त्या तिसऱ्या बाईच्या बाळंतपणातल्याच. ती ऐकत होती. मध्येच शकुन ओरडली तेव्हा तिनं आत पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"मंग तुमी करा," ती म्हणाली. "तुमचे हात मोकळे हायत. माह्या लेकीले तुमी सोडवा. मी बाहीर बसतो."

"मला नाही करता येणार."

"काहून?"

"ती तिसरी बाई आज सकाळी गेली. मी तिला पुसलं ह्या हातांनी. पंधरा दिवस मी कोणा बाळंतिणीला शिवायचं नाही."

नियम मीच लिहिला होता आणि तिनं तो पाठ केला होता. चार कोसांवर माणिकबाई होती, वर्गातल्या दोन विधवांपैकी एक. तिला आणायला गाडी गेली असती तर संध्याकाळ झाली असती. शकुनला गाडीत घालायची वेळ टळून गेली होती. जयवंतानं हे सगळं मनाशी जुळवून पाहिलं असावं. मग तिनं आपल्या मनगटांकडे पाहिलं, आणि ओसरीवर सहदेव खोकत होता तिकडे पाहिलं.

सहदेवनं ऐकलं होतं. तो दारापर्यंत आला.

"काढ व," तो म्हणाला. "मी काय तुह्या काचेवर जगून राह्यलो?"

आणि एवढं बोलून त्याला अशी उबळ आली की दाराची चौकट धरून तो खाली बसला. वाक्याचा सगळा जोर गेला.

"तुमी चूप बसा," जयवंता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमाले काई समजत नाई."

तिनं पट्टी सोडली, साबण लावला, बांगड्या ओढून पाहिल्या. निघेनात. हातभर भरलेल्या, घट्ट मापाच्या. कासारानं हात दाबून दाबून चढवल्या असणार. मळ्यात काम करणाऱ्या बाईचा पंजा, चाळीस वर्षं खुरपं धरलेला. त्यातून त्या परत निघणार नव्हत्या. शकुन आतून "माय व" म्हणून ओरडली.

जयवंता पाट्याशी जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात पाट्यावर ठेवले.

"तुमीच फोडा," ती म्हणाली. "माह्यानं होत नाई. तुमाले माईत हाय कसं फोडते ते."

तिच्या मनात मला दुखवायचं नव्हतं. मी वरवंटा उचलला. माझा पहिला घाव पाट्यावरच बसला. ती डोळे मिटून सहदेवचं नाव पुटपुटत होती, जे तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं. मग काच फुटली. तो आवाज अगदी तसाच होता.

डाव्या मनगटावर काचेचा एक तुकडा आत गेला. बांगड्यांच्या खाली काळी रेघ होती, मेण साचावं तशी, आणि तिच्या मधोमध तो काप. रक्त आलं. हाताला जखम असेल तर सुइणीनं बाळंतपणाला जाऊ नये, हाही एक नियम आहे. आणि त्या काळ्या रेघेतून काच आत गेली याचा अर्थ कोणाला कळत नसला तरी मला कळत होता. मी कापावर औषधाची अर्धी बाटली ओतली. कोरं फडकं उकळून घट्ट बांधलं, त्यावर औषधात भिजवलेलं दुसरं. शकुनला वाचवण्यापलीकडे मला त्या वेळी काही दिसत नव्हतं. म्हणून मी काही बोलले नाही.

जयवंतानं मात्र विचारलं, "याच्यानं शकुनले काई होनार नाई ना?"

"नाही. डावा हात लावू नकोस. फक्त उजवा."

"मंग झालं."

उजव्या हाताला तिनं नीळ लावून मागितली. डोळे मिटून धुतला. मी पाहिलं, बोटांपासून कोपरापर्यंत कुठंही निळं नव्हतं. ती आत गेली आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिला जे हवं ते सांगत राहिले, पण तिला काही सांगावं लागत नव्हतं. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. रडली, लाल झाली, सगळं ठीक. जयवंतानं एका हातानं आणि कोपरानं सगळं केलं. असं स्वच्छ बाळंतपण मी दवाखान्यातही पाहिलं नाही.

मी गावातच राहिले. आता फक्त दिवस मोजायचे होते. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताला थंडी वाजली.

मी फडकं सोडलं. मनगट तटतटलं होतं, आणि कापापासून कोपराकडे एक लाल रेघ निघाली होती. जयवंतानं ती पाहिली. ती कशाची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिला कळलं. अमरावतीला चल, म्हटलं, तर म्हणाली, "तिथं याच्यावर दवा हाय?"

मी खोटं बोलायला हवं होतं. नीळ लावून लावून माझी ती सवयच मोडली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मंग मी इथंच. शकुनची पाचवी होऊ द्या."

ती स्वतःच उठली, घोंगडी घेतली आणि मळ्यातल्या खोपीत जाऊन राहिली. घरापासून दूर, झेंडूच्या वाफ्यांपलीकडे. ताप आलेल्यानं बाळंतिणीच्या जवळ राहायचं नाही. नातीला तिनं हातात घेतलंच नाही. शकुनची सगळी कामं सहदेव बाहेरून आणि एक शेजारीण आतून करत होती. मी खोपीत जयवंतापाशी बसायची. रोज सकाळी सहदेव बांधावर येऊन उभा राहायचा आणि ती आतून विचारायची, "ताप?"

"नाई," तो म्हणायचा. "शकुन बेस हाय. जेवली."

तिसऱ्या दिवशी तिचा हात खांद्यापर्यंत सुजला. चौथ्या दिवशी ती थोरल्या लेकीशी बोलायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी शुद्धीवर होती. सहदेव आला, तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, नाई. घरात पाचवीची पूजा झाली, सुपातला नैवेद्य कोणीतरी बांधापर्यंत आणून ठेवला. ती खोपीच्या दारातून घराकडे पाहत होती.

"वाचली ना हो बाई शकुन?"

"वाचली."

"तुमाले म्हनलं होतं ना मी," ती म्हणाली. दुपारी ती गेली.

गाव जमा झालं. कोणी काय बोलायचं ते बोललं. बांगड्या फोडल्या, त्या नवऱ्यावर यायच्या त्या तिच्यावर आल्या, असंही बोललं गेलं. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. पण ती सवाष्ण गेली होती, तेव्हा तिचे हात उघडे जाऊ द्यायचे नव्हते. चांदूर बाजारहून कासाराला बोलावलं.

कासारानं आधी डावा हात पाहिला आणि मान हलवली. त्या सुजेवर कुठलीच बांगडी चढली नसती. तरी त्यानं पेटाऱ्याच्या तळातून सगळ्यांत मोठं माप काढलं. तेही बोटांपाशीच अडलं. मग त्यानं त्याच मापाच्या चार बांगड्या उजव्या हातात चढवल्या. नुसता हात धरला आणि त्या आत गेल्या. दाबावं लागलं नाही, तेल लागलं नाही. त्यानं हात खाली ठेवला, हात तिरडीच्या कडेवरून कलंडला, आणि चारही बांगड्या मनगटावरून, पंजावरून आपोआप घरंगळून मातीत पडल्या. एकही फुटली नाही.

मी त्या उचलल्या. माझ्या हातात बांगडी वीस वर्षांनी आली होती.

"हे माप नेहमी असतं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"असते ना बाई," कासार म्हणाला. "कोनी घेत नाई. कामात ढिल्या पडते."

मी चौदाव्या वर्षानंतर कासारासमोर कधी बसले नव्हते. बांगड्यांना माप असतं, ढिली बांगडी हात धुताना न फोडता उतरवता येते, हे मी विसरले होते. जयवंताला ते रोजचं माहीत होतं, पण तिला ते विचारायचं मला सुचलं नाही. मी तिला फक्त शिकवत राहिले.

सहदेव त्यानंतर सोळा वर्षं जगला, खोकत खोकत. शकुनची मुलगी मोठी झाली. पुढच्या वर्गापासून मी माझ्या पेटीत निळीच्या शेजारी कासाराच्या मोठ्या मापाच्या बांगड्या ठेवू लागले. काही जणींनी त्या घेतल्या, काही जणी मला पाहून ओट्यावरून उठून गेल्या. बाकीच्या आठही जणींच्या दारी मी स्वतः गेले, आणि त्यांच्या पट्ट्या मागून घेऊन त्यांच्याच चुलीत घातल्या. पत्रक मात्र अकोल्याकडे गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरं छापून पाठवलं, मीही पत्रं लिहिली. तिकडे कोणाकोणाच्या लुगड्याचे काठ फाटले आणि त्या पट्ट्या कोणत्या दारांतून आत गेल्या, ते मला कधीच कळलं नाही.